रोमच्या छापखान्यांतील मराठी क्रियापद

यंदाचा श्रावण मीं वराळ्यास काढला. तळेगांवानजीकचें हें मावळांतलें गांव आतां पूर्वीइतकें निवांत राहिलेलें नाहीं. तरी पावसाची झड लागली आणि समोरचे डोंगर ढगांत गेले, म्हणजे तेथें वाचनाखेरीज दुसरा उद्योग सुचत नाहीं. माझी भाची ह्याच घरांत बसून इटालियन भाषेचीं क्रियापदें पाठ करीत होती. वास्तुशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठीं ती इटलीस जावयाची होती. पडवींतून तिचा आवाज ऐकूं येई : पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. मी बोलतों, तूं बोलतोस, तो बोलतो, आणि पुढें तिन्ही अनेकवचनें. लहानपणीं आम्हीं ज्या चालीवर संस्कृत रूपावळी घोकल्या, तीच चाल. फक्त पावसाच्या आवाजांत शब्द परके.

इटालियन क्रियापदाचा पसारा लहान नाहीं. धातूंचे गण तीन. पुरुषवाचक प्रत्यय घेणारे अर्थ चार, म्हणजे स्वार्थ, संभावनार्थ, संकेतार्थ आणि आज्ञार्थ. आणि एकट्या स्वार्थांतच काळ आठ. त्यांत भूतकाळाचीच पांच रूपें. हीं सगळीं मोजलीं तर एका क्रियापदाचीं रूपें नव्वदाच्या आसपास जातात. तिसऱ्या दिवशीं भाचीनें वही मिटली आणि म्हणाली, "मामा, आपली मराठी किती सोपी! ह्या लोकांनीं एवढें जंजाळ कशाला करून ठेवलें?"

मीं तिला म्हटलें, "त्याच कोष्टकांत 'बोलणें' आणि 'खाणें' हीं दोन क्रियापदें भरून दाखव." 'बोलणें' तिनें भराभर लिहून काढलें. 'खाणें' हें क्रियापदही वर्तमानकाळांत सुरळीत चाललें. भूतकाळाच्या चौकटीशीं मात्र लेखणी थांबली. 'मीं खाल्ला' लिहावें कीं 'खाल्ली', कीं 'खाल्लें'? आंबा असेल तर खाल्ला, पोळी असेल तर खाल्ली, आणि पोळ्या असतील तर खाल्ल्या. खाणारा बदलला तरी क्रियापद बहुधा जागचें हालत नाहीं. 'तूं' असतां एक 'स' आणि 'तुम्हीं' असतां एक 'त' तेवढा शेवटीं लागतो. बदलतें तें खाल्लेल्या वस्तूप्रमाणें. सहा पुरुषांच्या सहा घरांत हें रूप बसेना. भाची म्हणाली, "हें कोष्टकच चुकलें आहे."

कोष्टक चुकलेलें नव्हतें. तें दुसऱ्याच्या मापाचें होतें. तें आपल्याकडे कोठून आलें, ह्याचा शोध घेत गेलें तर वाट थेट रोम शहरापर्यंत जाते.

इटली आणि मराठी वाचक ह्यांची ओळख म्हणजे मॅझिनी आणि गॅरिबाल्डी, अशी आपली समजूत असते. १९०७ सालीं सावरकरांचें मॅझिनीविषयींचें पुस्तक पुण्यास निघालें आणि सरकारनें तें जप्त केलें. परंतु तो मॅझिनी मराठींत आला तो इंग्रजीच्या दारानें. इटालियन भाषा जाणणारीं माणसें आपल्या किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी आधीं उतरलीं होतीं. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ सालीं हिंदुस्थानांत आला, आणि १५८८ सालीं गोव्यास वारला. मिऱ्यांचा व्यापार संभाळतां संभाळतां ह्या गृहस्थानें संस्कृताकडे लक्ष दिलें. आपल्या भाषेंतले सेइ, सेत्ते, ओत्तो, नोवे हे आंकडे संस्कृत अंकांशीं जुळतात, 'दिओ' आणि देव, 'सेर्पे' आणि सर्प हे शब्द एकमेकांसारखे आहेत, असें त्यानें घरच्या पत्रांतून कळविलें. विल्यम जोन्सच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या आधीं दोनशे वर्षें ही गोष्ट एका व्यापाऱ्याच्या ध्यानांत आली. मराठी माणसास तर कोशाचीही गरज नाहीं. सहा, सात, आठ, नऊ असें मोजलें कीं झालें. मात्र सास्सेत्तीनें जुळविले ते शब्द. भाषेच्या घडणीकडे लक्ष गेलें तें दुसऱ्याचें. फादर थॉमस स्टीफन्स हा ख्रिस्तपुराणाचा कर्ता जन्मानें इंग्रज. पण तो १५७५ सालीं रोमलाच येशूसंघांत शिरला आणि १५७९ सालीं गोव्यास पोहोंचला. इकडील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन ह्यांच्या रचनेसारखी आहे, असें त्यानें १५८३ सालीं आपल्या भावास लिहिलें. त्याचें कोंकणीचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, रायतूर येथें छापून निघालें.

ह्या धर्मोपदेशकांची व्याकरणाची शिकवण लॅटिनची होती. मानुएल आल्व्हारेश ह्या पोर्तुगीज येशूसंघीयाचें १५७२ चें लॅटिन व्याकरण त्यांच्या विद्यालयांतून सर्वत्र चाले. त्यांतील अर्थ आणि काळ ह्यांची मांडणी चौथ्या शतकांतल्या दोनातुस ह्या रोमन पंतोजीपर्यंत मागें जाते. येथें एक गमतीची गोष्ट आहे. दोनातुसनें लॅटिनला 'इच्छार्थ' म्हणून एक निराळा अर्थ दिला आहे. पण लॅटिनमध्यें त्याचें निराळें रूपच नाहीं! तो अर्थ ग्रीकांत होता. ग्रीक व्याकरणाचा सांचा उचलतांना तें रिकामें घरही सोबत आलें, आणि रोमन मुलें शतकानुशतकें तें पाठ करीत बसलीं. म्हणजे लॅटिनच्या अंगावरचा अंगरखाही मुळांत दुसऱ्याच्याच मापाचा होता.

आतां ज्या पुस्तकासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतों. १७७८ सालीं रोम येथें, धर्मप्रसारासाठीं १६२२ सालीं स्थापन झालेल्या 'प्रोपागांदा फीदे' ह्या संस्थेच्या छापखान्यांत, मराठी भाषेचें एक लहानसें व्याकरण छापलें गेलें. त्याची भाषा पोर्तुगीज. ग्रंथसूचींत तें निनावी म्हणूनच नोंदलेलें असतें. मराठी म्हणून छापलेलें हें पहिलें व्याकरण. केरीच्या व्याकरणाहून सत्तावीस वर्षांनीं, आणि दादोबांच्या व्याकरणाहून अठ्ठावन्न वर्षांनीं जुनें. शीर्षकांत म्हटलें आहे कीं, हें निजामशहाच्या आणि आदिलशहाच्या राज्यांत चालणाऱ्या अगदीं सर्वसाधारण मराठीचें व्याकरण आहे, आणि तें त्या राज्यांतील धर्मोपदेशकांस अर्पण केलें आहे.

हें शीर्षक वाचून इतिहासाचा अभ्यासक थबकतो. १७७८ सालीं निजामशाही बुडून एकशें बेचाळीस वर्षें, आणि आदिलशाही बुडून ब्याण्णव वर्षें झालीं होतीं. पुण्याच्या गादीवर चार वर्षांचे सवाई माधवराव होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हातीं होता. असें असतां रोममध्यें मराठीचा पत्ता अजून जुन्याच दोन शाह्यांच्या नांवानें चालला होता. मला ह्याचें कारण दप्तरी दिसतें. गोव्याच्या दिवाड बेटावर जन्मलेला मातेउस द कास्त्रो हा ब्राह्मण कुळांतला ख्रिस्ती. गोव्यांत त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळेना. म्हणून तो रोमला गेला, प्रोपागांदाच्या विद्यालयांत शिकला आणि १६३७ सालीं बिशप झाला. त्याला जो प्रांत नेमून दिला, त्याचें नांव 'इदालकान', म्हणजे आदिलखानाचा मुलूख. डिचोलीस राहून तो पोर्तुगिजांशीं आयुष्यभर भांडला आणि १६७७ सालीं रोमलाच वारला. रोमच्या रस्त्यांत इटालियन कानीं पडणाऱ्या आपल्याकडील पहिल्या माणसांपैकीं तो एक असला पाहिजे. राज्यें बुडालीं, तरी प्रांताचीं नांवें कागदावर टिकून राहिलीं. सरकारी दप्तराचा हा गुण सगळ्याच देशांत सारखा आहे.

ज्या वर्षीं हें पुस्तक निघालें, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून मावळांत उतरली. १७७९ च्या जानेवारीच्या ४ तारखेस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या बखरींतला इष्टुर फांकडा, पडला. ९ तारखेस इंग्रज तळेगांवास पोहोंचले तों गांव जळून गेलेलें. ११ च्या रात्रीं त्यांनीं अवजड तोफा तळ्यांत लोटून माघार घेतली, वडगांवास ते कोंडले गेले, आणि तेथेंच त्यांना तह करावा लागला. वराळ्याच्या आसपासचा हा सगळा टापू तेव्हां घोड्यांच्या टापांनीं हादरत होता. महादजी शिंद्यांच्या छावणींत जी मराठी बोलली जात होती, तिच्याच क्रियापदांचीं कोष्टकें त्याच सुमारास टायबर नदीच्या कांठीं छापलीं जात होतीं, आणि ह्यांतल्या कोणालाही दुसऱ्याची वार्ता नव्हती.

त्या सांच्याचा दोष येथें नीट सांगितला पाहिजे. लॅटिनमध्यें 'मीं प्रेम केलें' हें 'आमावी' ह्या एका शब्दानें सांगतात. कर्ता बदलला कीं प्रत्यय बदलतो. कर्माचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. हा सांचा 'मीं पोळी खाल्ली' ह्या वाक्यावर घातला, तर भाचीची जी फजिती झाली तीच कोणाचीही व्हावयाची. परंतु मौज अशी कीं, त्या छापखान्याच्या खिडकीखालून जाणारा भाजीवाला जी इटालियन बोलत होता, तिच्यांत मराठीचा भूतकाळ पुष्कळसा उलगडतो. तो 'गेला' ह्यासाठीं 'ए आंदातो' म्हणे आणि 'गेली' ह्यासाठीं 'ए आंदाता'. 'तें सफरचंद मीं खाल्लें' हें 'लो मांजाता' असें होतें. कारण सफरचंद, म्हणजे 'मेला', त्या भाषेंत स्त्रीलिंगी आहे. खाणारा पुरुष असो कीं स्त्री, 'मांजाता' हें खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणें चालतें. आजच्या नियमानें कर्माचें सर्वनाम आधीं आलें म्हणजे असें होतें. जुन्या इटालियनांत कर्म मागाहून आलें तरीही पुष्कळदां असेंच लिहीत.

हा योगायोग नव्हे. दोन्ही भाषा एकाच वाटेनें चालत आल्या आहेत. संस्कृतांत भूतकाळाचीं रूपें तीन, लङ्, लुङ् आणि लिट्. प्राकृतांत तीं झिजून गेलीं, आणि त्यांचें काम 'गत', 'कृत', 'मृत' ह्या धातुसाधितांनीं उचललें. 'मया' पासून 'मीं' आला. १९६२ च्या नियमांनीं काढून टाकलेला तो डोक्यावरचा अनुस्वार त्या तृतीयेचीच खूण होती, आणि म्हणूनच म्हातारपणींही तो माझ्या हातून सुटत नाहीं. 'मीं खाल्ली' म्हणजे मुळांत 'माझ्याकडून खाल्ली गेलेली'. इकडे लॅटिनच्या पोटींही तसेंच घडलें. 'माझ्याजवळ खाल्लेलें सफरचंद आहे' अशा अर्थाच्या बोलण्यांतून इटालियनचा नवा भूतकाळ जन्मला. 'मोर्तो' आणि मृत, 'नातो' आणि जात, 'दातो' आणि दत्त, हे शब्द शेजारीं ठेवून पाहावे. हीं धातुसाधितें सख्ख्या बहिणी आहेत. फरक इतकाच कीं, इटालियननें आईचा जुना भूतकाळही टाकला नाहीं. तो पुस्तकांत आणि दक्षिणेकडच्या बोलींत अजून आहे. उत्तर इटलींतल्या बोलण्यांतून मात्र तो जवळजवळ गेला. म्हणजे उत्तरेकडील लोक आपल्याच वाटेनें आले आहेत.

भविष्यकाळाचेंही असेंच. संस्कृतांतला 'करिष्यति' मराठींत उरला नाहीं. जुन्या वर्तमानाच्या 'करी' ला 'ल' जोडून 'करील' झालें. लॅटिनचा 'आमाबो' इटालियनांत उरला नाहीं. 'करणें मजजवळ आहे' अशा धर्तीच्या दोन शब्दांचा एक शब्द होऊन तेथें नवा भविष्यकाळ आला. आणि 'करी' चें स्वतःचें काय झालें? ज्ञानदेवांच्या काळीं तो वर्तमानकाळ होता. आज 'रोज पहांटे तो नदीवर जाई' असा तो भूतकाळच्या रीतीला लागला. भाचीला इटालियनचा 'इम्पेर्फेत्तो' समजेना, तेव्हां हेंच वाक्य सांगितलें आणि तिचें काम एका क्षणांत झालें. इंग्रजीच्या मार्गानें तीच गोष्ट समजावण्यांत तिच्या पुस्तकानें तीन पानें खर्च केलीं होतीं.

ह्यावरून एक प्रश्न उभा राहतो. रोमच्या त्या धर्मोपदेशकांनीं स्वतःच्या घरच्या भाषेकडे कां पाहिलें नाहीं? उत्तर सोपें आहे : घरच्या भाषेला व्याकरण असतें, हीच गोष्ट मान्य व्हावयास इटलीला फार काळ लागला. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती ह्या वास्तुविशारदानें १४४० च्या सुमारास तोस्कानी बोलीचें पहिलें व्याकरण लिहिलें. (भाचीला हें नांव इमारतींमुळें ठाऊक होतें, व्याकरणाची गोष्ट ऐकून ती प्रथमच त्या क्रियापदांवर खूष झाली.) त्यानेंही सांचा लॅटिनचाच घेतला, पण 'असतों, असता' अशा संकेताचें जें रूप लॅटिनमध्यें नव्हतेंच, त्यासाठीं त्याला नवें नांव पाडावें लागलें. तें चिमुकलें पुस्तक हस्तलिखितांतच राहिलें आणि १९०८ सालीं छापून निघालें.

आपल्याकडील पुढची हकीकत वाचकांस थोडीबहुत परिचित आहे. १८०५ सालीं श्रीरामपुरास केरीनें वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठी व्याकरण छापलें. १८३३ सालीं मुंबईस स्टीव्हन्सननें. हीं सारीं परक्यांना मराठी शिकविण्यासाठीं. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण निघालें, तें प्रथम मराठी मुलांसाठीं. दादोबांनीं कर्तरि, कर्मणि, भावे हे प्रयोग संस्कृतांतून घेतले आणि अर्थ व काळ ह्यांची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर केली. आणि इंग्रजी व्याकरण तर लॅटिनच्याच सांच्यांत ओतलेलें. बाविशी ओलांडतांना एका माणसानें हें दोन वाटांचें जूं मानेवर घेतलें, ह्याबद्दल त्यांना जितकें थोर म्हणावें तितकें थोडेंच. परंतु तेव्हांपासून मराठी मुलाला असें वाटूं लागलें कीं, खरें क्रियापद तें 'मी बोलतों', आणि 'मीं पोळी खाल्ली' हा त्यांतला एक अडचणीचा अपवाद. वस्तुतः ज्या घरांत आपला भूतकाळ शतकानुशतकें राहत आला, तें तेंच घर आहे. माझ्या स्वतःच्या शाळेंत 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न परीक्षेंतला काटा समजत. तो भाषेचा कणा आहे, असें कोणी सांगितलें नाहीं.

हा गुंता हातीं घेतला तो केशवसुतांचे धाकटे बंधु मोरो केशव दामले ह्यांनीं. त्यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं निघालें. दोनच वर्षांनीं ते वारले. त्या ग्रंथांत क्रियापदाच्या रूपांना काळाचीं नांवें न देतां प्रत्ययांचीं नांवें दिलेलीं आढळतात : 'बोलतो' हें ताख्यात, 'बोलला' हें लाख्यात, 'बोलावें' हें वाख्यात, 'बोलेल' हें ईलाख्यात. शाळेंतल्या मुलांना हीं नांवें विचित्र वाटत आलीं आहेत, पण त्यांच्यामागें पाणिनीची शहाणीव आहे. पाणिनीनें लट्, लोट्, लिङ् अशीं निव्वळ खुणेचीं नांवें ठेवलीं; कारण एका रूपाचा एकच काळ असतो, हें गृहीत धरणें धोक्याचें आहे. दारांतून 'आलोंच' म्हणून ओरडणारा मनुष्य अजून आलेला नसतो. 'पाऊस आला तर' ह्यांतला 'आला' भूतकाळचा नाहीं. रूप लाख्यात, काळ कोणता, तें वाक्यानें सांगावें.

भाचीची एक चूक ह्याच वाटेनें सुटली. 'पाऊस पडला असता तर पीक आलें असतें' ह्यांत आपण दोन्हींकडे एकाच जातीचें रूप वापरतों. इटालियनांत 'तर' च्या आधींच्या वाक्यांत संभावनार्थ लागतो आणि नंतरच्यांत संकेतार्थ. मराठी मनुष्य दोन्हींकडे संकेतार्थ घालतो आणि चुकतो. तिकडचीं लहान मुलेंही नेमकी हीच चूक करतात आणि शिक्षकांच्या शिव्या खातात, हें ऐकून तिला बराच धीर आला.

ती सप्टेंबरांत गेली. पंधरा दिवसांनीं तिचा संदेश आला. तिच्या बिऱ्हाडांतली इटालियन मुलगी 'ठाऊक असतें तर आलें नसतें' ह्यासाठीं 'से लो सापेवो, नोन वेनीवो' म्हणते. दोन्हींकडे तोच नदीवर जाण्याचा 'इम्पेर्फेत्तो', ना संभावनार्थ ना संकेतार्थ. व्याकरणाच्या पुस्तकांत ह्याला घर नाहीं. मग वहींत कोठें लिहूं, असें तिनें विचारलें होतें. मीं कळविलें, काळाचें नांव घालूं नकोस. शेवटचें अक्षर पाहा, आणि त्याच्या नांवानें नवें पान काढ.